खांद्यातला उंदीर

हळद-तुपाचा वास आला की आंजी गावातला आमचा गोठा आठवतो. इंग्रजीत नापास झाल्यापासून मी शाळेत जात नव्हते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळत होते, तेवढ्यात इंग्रजीच्या मॅडम घरी आल्या. म्हणाल्या, "तुया हाताखाली, बैलाच्या कातड्यात काय पळून राह्यलं?" मी म्हटलं, "उंदीर!" त्या हसल्या. "जुन्या लॅटिन लोकायलेही तसंच वाटलं. त्याईच्या 'लहानसा उंदीर' या शब्दापासूनच इंग्रजीत 'मसल', म्हणजे स्नायू, आला. तुले समजते, पोरी." बाबा रिवाजाप्रमाणे बैलांना म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मॅडम माझ्याकडे वळल्या, "तूही घे आवतन. परवा शाळेत येजो." आता मी दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते, त्या आवतनावरच आजवर जेवते आहे.