मान्सूचा थोरला भाऊ

निजामाच्या मुलखातला, सोनारीचा जैनोद्दीन पिंजारी पोटासाठी इंग्रजांच्या पलटणीत गेला आणि मलायात जपान्यांचा कैदी झाला. बरोबर त्याच्याच गावचा गुंडप्पा. दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. छावणीत गुंडप्पाला हिवतापानं धरलं. औषध होतं, पण कैद्यांसाठी न्हवतं! माणूस आज जातो का उद्या, असं झालं.

पहाऱ्यावर एक कोवळा पोरगा होता. सगळे त्याला कानेयामा म्हणत. एकदा त्यानं मोडक्या मलायी भाषेत जैनोद्दीनला वय विचारलं. जैनोद्दीन थोरला निघाला. तशी पोरानं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "ह्योंग."

आता हे काय नवीन? पुढं बोलता बोलता उलगडलं. पोरगा जपानी न्हवताच, कोरियाचा होता. नाव मान्सू, कानेयामा हे जपान्यांनी लादलेलं. खरं नाव तोंडातनं काढायची चोरी. त्यांच्याकडं पुरुषमाणूस थोरल्या भावाला ह्योंग म्हणतो, आणि जीव जडला तर परक्यालाही. एकदा म्हटलं की त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याआधी घास उचलायचा नाही. थोरल्यानं मात्र धाकट्याला नावानंच हाक मारायची, मागं 'या' लावून. मान्सू-या. आणि त्याला पाठीशी घालायचं.

"आरं, हे तर आपल्यासारखंच की!" जैनोद्दीन गुंडप्पाला म्हणाला.

मान्सू सिगरेट ओढताना जैनोद्दीनकडं पाठ करायचा. खांद्याला बंदूक, आणि कैद्यासमोर ओढायची लाज! गुंडप्पा तापातही हसला. याच मान्सूनं मग खिशातनं क्विनाईनच्या गोळ्या आणायला सुरुवात केली. ताप उतरणीला लागला.

एका दुपारी जपानी हवालदारानं कसल्याशा चुकीवरनं मान्सूला सगळ्यांदेखत थोबाडायला घेतलं. थांबेचना मेला. जैनोद्दीनला बघवलं नाही. गावात पाटलानं धाकट्याला धरलं, तर थोरला हात जोडून मध्ये पडतो, अपराध आपल्या अंगावर घेतो. त्याला तेवढंच ठाऊक. येड्यानं तेच केलं.

"मान्सू-या, तू मागं हो," म्हणाला आणि हवालदारापुढं हात जोडून उभा राहिला.

हवालदाराचा हात थांबला. नाव कोरियाचं, आणि तेही कैद्याच्या तोंडी! ह्या दोघांचं काहीतरी साटंलोटं आहे, म्हणून त्यानं मान्सूचे खिसे उलटे केले. गोळ्या भुईवर सांडल्या. मान्सूला फरफटत नेलं, ते कायमचंच. दुसऱ्या पहारेकऱ्याला विचारलं, तर त्यानं गळ्यावरनं आडवं बोट फिरवलं. गोळ्या बंद झाल्या, ताप उलटला आणि गुंडप्पाही गेला. दोघांना आपणच मारलं, हे जैनोद्दीनच्या काळजात रुतून बसलं.

लढाई संपल्यावर तो सोनारीला परतला. धाकटा भाऊ सादिक वेशीपर्यंत धावत आला, "भाई!" म्हणून गळ्यात पडला. जैनोद्दीननं त्याला दूर लोटलं.

"भाई म्हणू नगंस मला. नाव घे."

"थोरल्याचं नाव? जीभ झडंल की माझी!"

"मग हाकच मारू नगंस."

सादिकला वाटलं, चार दिवसांत निवळंल. कसलं निवळतंय! दोघं एकाच घरात म्हातारे झाले. जैनोद्दीनला जेवायला बोलवायचं झालं, की सादिक त्याच्या दाराची कडी वाजवायचा.