आउट होण्याची नोकरी

प्रज्ञेश अमरावतीहून सिडनीला अकाउंटिंग शिकायला आला. २००७ साली अर्धं विमानच अकाउंटिंग शिकायला आलं होतं. क्वेकर्स हिलच्या घरात सात जण आणि बाथरूम एक. शाळेत सॉफ्टबॉल खेळल्याच्या भांडवलावर तो युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल टीममध्ये शिरला आणि डिग्रीनंतर चक्क पगारी खेळाडू झाला. म्हणजे सकाळी गोदामात शिफ्ट, संध्याकाळी मैदान.

सहा वर्षांत पाच टीम झाल्या. "दुसरा बेस, तिसरा बेस, जिथे कोणाचा गुडघा दुखेल तिथे मी," अशी तो स्वतःची ओळख करून द्यायचा. जर्सी नेहमी आधीच्या कोणाची तरी. ब्रिस्बेनची तर गुडघ्यापर्यंत यायची. त्याची खासियत एकच, बंट. जोरात मारायचं नाही, चेंडू बॅटने नुसता अडवून पुढ्यात टाकायचा, स्वतः आउट व्हायचं आणि आपल्या माणसाला एक बेस पुढे सरकवायचं.

फोनवर मात्र त्याने आईला बरंच वाढवून सांगितलं होतं. शांताबाई, निवृत्त शिक्षिका, तीन महिन्यांसाठी ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला त्याच्याकडे आल्या. छत्री आणि डबा घेऊन त्यांनी सहा मॅच पाहिल्या. सहाही मॅच तो बाकावर.

"तुला बसायलाच ठेवलंय का रे?"

"गरज लागली की उठवतात, आई."

"मग मला का नाही घेतलं? मलाही बसता येतं."

सातवी मॅच रविवारी होती, मंगळवारी आईचं विमान. तिने आपल्याला एकदा तरी खेळताना बघावं, एवढंच प्रज्ञेशला हवं होतं.

शेवटचा डाव, बरोबरी, दुसऱ्या बेसवर आपला माणूस. कोच म्हणाला, "गो ऑन, मेट," आणि टोपीला हात लावला. म्हणजे बंट.

प्रज्ञेशने वर पाहिलं. आई छत्री मिटून उभी होती. समोरचा पिचर दमलेला, चेंडू सरळ येत होते. एक सणसणीत फटका, आणि फोनवरच्या सगळ्या थापा खऱ्या. खांदे तयारही झाले. चेंडू आला, आणि हातांनी सवयीने मुकाट्याने बंट केला.

तो जीव खाऊन पळाला. पहिल्या बेसपाशी वाकून त्याने बॅट टेकवली, तेव्हा लक्षात आलं की बॅट टाकायची असते. गल्लीतलं क्रिकेट ऐन वेळी बाहेर आलं होतं. तो आउट झाला; बाकावरचे लोक हसून आडवे झाले. पुढच्याने लांब मारला, तिसऱ्या बेसवर पोचलेला आपला माणूस घरी, म्हणजे होम बेसला, आला, धाव झाली आणि मॅच जिंकली.

गाडीत आईने छत्री मागच्या सीटवर ठेवली.

"बॅट घेऊन कोणीच पळत नाही. सहा मॅच बघतेय मी."

"हो आई."

मंगळवारी विमानतळावरच्या रांगेत मात्र ती मागच्या बाईंना छत्री आडवी धरून बंट दाखवत होती. "स्वतः आउट होऊन दुसऱ्याला पुढे पाठवायचं. त्यासाठी खास माझ्या मुलाला ठेवलंय," ती म्हणाली. मग प्रज्ञेशकडे पाहून आवाज जरा खाली आणला, "पळायचं अजून शिकतोय."