पाटीला हात

"ये गो बाय, हात लाव."

बोईसरच्या आमच्या इमारतीखालून सकाळी ही हाक आली, की मी हातातलं काम ठेवून खाली जात असे. मासळीने भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. एका बाजूने तिने धरायची, दुसऱ्या बाजूने आपण, आणि ती "हं" म्हणाली की दोघींनी एकदम उचलायची. मग ती चुंबळीवर पाटी बसवायची, जागच्या जागी दोन पावलं टाकून बघायची आणि मागे न वळता चालू लागायची. आभार वगैरे काही नाही. पहिल्यांदा मी "सावकाश जा" म्हणाले, तर म्हणाली, "सावकाश गेली तर मासली आपली आपन चालाया लागंल."

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, ती फिश-आजी अजून येते का?" मी विषय बदलला आणि तुमच्याकडच्या बर्फाची चौकशी केली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

तुम्हाला तिचं काय आठवतं, मला माहीत नाही. छोट्या, तुझ्या चपलेवर तिने जिवंत चिंबोरी ठेवली होती आणि तू माझ्या अंगावर चढला होतास, ते तरी आठवत असेल. ती एडवणची. पहाटे किनाऱ्यावर मासळी घ्यायची, रिक्षाने सफाळ्याला यायचं आणि तिथून सकाळच्या शटल गाडीच्या सामानाच्या डब्यातून बोईसर. शटलला तो एक डबा आहे. त्यात बाकडी कमी आणि जमीन जास्त. पाट्या, दुधाच्या किटल्या, भाजीच्या गोण्या, सगळं त्यात. माघारी नेणारी तसली गाडी थेट दुपार कलल्यावर. तोवर ती स्टेशनावर नाहीतर आमच्या जिन्यात पाय पसरून बसायची. गुडघे चोळत म्हणायची, "गाडीची वाट बघून माजं अर्दं आयुष्य गेलं. नवऱ्याची पन येवडी नाय बघितली."

अहो-जाहो तिला ठाऊक नव्हतं. मला 'बाय' आणि 'तू', आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही 'तू'. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या बघून ती हसायची. "तुज्या घरात मुंगीला पन कपाट हाय." चहा कपातून दिला तर कप उलटा करून बघायची. "यात काय भिजतं? जीभ पन नाय." पण आमच्या ओळखीतला खरा करार वेगळाच होता. एखाद्या दिवशी मी पापलेटाला हात घातला, की ती माझं मनगट धरायची. "तुला नाय देत. बरफातली हाय. कालची." "मग आणलीस कशाला?" "ज्याला चालतं तो घेल. तुला खोटं नाय सांगायची."

माशांच्या बाबतीत तिने मला एकदाही फसवलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

पाटीला हात लावायचा त्यांच्यात एक रिवाज आहे. मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. स्टेशनबाहेर सातपाटीच्या एकीशी तिचं हाडवैर होतं. दोघी एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरायच्या, पण निघायची वेळ झाली की शिव्या चालू ठेवूनच एकमेकींच्या पाट्या उचलून द्यायच्या. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "भांडान तोंडाचं, पाटीचं नाय." मात्र कुणाला बोलवायचं, ते जिची पाटी तिने ठरवायचं. तिने मला निवडलं होतं. नोकरीची इतकी वर्षं तारापूरच्या कारखान्यात साहेबांची इंग्रजी पत्रं टाइप केलेल्या माझ्या हातांना तो मान वाटायचा.

मग नव्या गाडीची बातमी आली. आमच्या पट्ट्यातून थेट मुंबईच्या पार टोकापर्यंत दिवसभर गाड्या, बंद दारांच्या, गार डब्यांच्या. अजून प्रस्तावच होता, पण गावोगावच्या प्रवाशांनी मिळून समिती केली आणि मागणीचा अर्ज इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तिला सांगितलं तेव्हा तिने पाटी खाली ठेवली.

"म्हंजे दुपारची मी घरी?"

"हो. आणि वाटलं तर माल घेऊन मुंबईलाही जाशील."

"पाटीचा डबा असंल ना पन?"

"मागायचा आपण."

"मंग तू लिव. अंगटे मी आनते."

आणि तिने आणले. एडवण, दातिवरे, केळवे; सातपाटीच्या वैरिणीचासुद्धा. सुकत घातलेल्या बोंबलांच्या खाली उभं राहून, लिलावाच्या गर्दीत शिरून, आजारी म्हातारीच्या खाटेशी बसून तिने बायकांचे अंगठे आणि सह्या गोळा केल्या. मी आखून दिलेल्या कोऱ्या कागदांवर. काही कागदांना खवले चिकटलेले होते. प्रत्येकीला तिने एकच सांगितलं होतं, की नव्या गाडीत आपल्या पाटीला डबा मागतोय.

माझ्या जुन्या साहेबांनी मला एक शिस्त लावली होती. एक पत्र, एक मागणी, एक पान. दुसरी मागणी घातली की वाचणारा सोपी असेल तेवढी निवडतो. मी पहिला खर्डा केला त्यात सामानाच्या डब्याचा परिच्छेद होता. त्याने मजकूर दुसऱ्या पानावर जात होता. समितीच्या बैठकीत मी तो वाचून दाखवला, तेव्हा आमचे चिटणीस म्हणाले, "बाई, अर्ज झकास आहे. फक्त तेवढा परिच्छेद काढा. गार डब्याच्या गाडीच्या अर्जाला मासळीचा वास नको."

सगळे हसले. मीही हसले.

घरी येऊन मी तो परिच्छेद काढला. त्याऐवजी 'सर्व प्रवाशांच्या सोयीचा विचार व्हावा' असं एक गुळगुळीत वाक्य घातलं. अर्ज बरोब्बर एका पानात बसला. मागे तिच्या बायकांचे अंगठे जोडले, टाचणी लावली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तिने विचारलं, "पाटीचं लिवलंस?"

"सगळं आलंय त्यात," मी म्हणाले.

तिने पुन्हा विचारलं नाही. कशाला विचारेल? त्या दिवशी तिने मला मूठभर करंदी जास्त घातली.

पुढे काही महिन्यांनी पालघरला एका सभागृहात लोकांचं म्हणणं ऐकायला रेल्वेचे अधिकारी आले. ती हिरवं लुगडं नेसून, अबोलीचा वळेसर माळून आली होती. बरोबर पंधरावीस जणी, सातपाटीची वैरीणसुद्धा. पहिल्या दोन रांगा त्यांनी धरल्या. मला बघून तिने मोठ्याने सांगितलं, "ही आमची बाय. हिनं लिवलंय."

अधिकारी तरुण होते, नम्र होते. म्हणाले, आलेल्या अर्जांत एक फार नेटका आहे, तो मी मराठीतून वाचतो. आणि माझा अर्ज त्यांनी वाक्यावाक्याला थांबून वाचला. नोकरदारांचे हाल. विद्यार्थ्यांची गैरसोय. रुग्णांची अडचण. प्रत्येक वाक्याला मागच्या रांगांतून टाळ्या. ती मात्र टाळ्या वाजवत नव्हती. गुडघ्यावर हात ठेवून, थोडी पुढे झुकून, आपलं वाक्य येण्याची वाट बघत होती. इतकी वर्षं गाडीची बघितली तशीच.

अर्ज संपला. ती उभी राहिली.

"साहेब, पाटीचं वाचायचं ऱ्हायलं."

त्यांनी कागद उलटून पाहिला. खरंच पाहिला. "मावशी, अर्ज एवढाच आहे. सामानाच्या डब्याची मागणी कुणाकडूनच आलेली नाही."

"मंग शटलचा डबा तरी ऱ्हाईल?"

"शटलच्या जागी, तिच्याच वेळेला नवी गाडी धावावी, असं तुमच्याच अर्जात आहे."

ते मीच लिहिलं होतं. नोकरदारांना ती वेळ सोयीची होती.

सभागृहात तिने मला शोधलं. रागावली असती तर बरं झालं असतं. सातपाटीचीला देते तसल्या चार शिव्या मलाही द्यायला हव्या होत्या. पण ती फक्त बघत राहिली. मग तिच्या बायका तिच्याकडे बघू लागल्या. अंगठे तिच्या शब्दावर दिले होते, माझ्या नव्हे. सातपाटीची म्हणाली, "काय गो, हेच सांगून अंगटा घेतलास माजा?" मी बसले होते तिथून माझं नाव घेऊन सांगू शकले असते, की पाटीचा परिच्छेद मीच काढला. चिटणीस शेजारीच होते. मी उठले नाही.

तेव्हापासून ती आमच्या गल्लीत आलेली नाही. प्रस्ताव अजून प्रस्तावच आहे आणि शटल धावते आहे, त्यामुळे बोईसरला ती येते, एवढं मला कळत होतं. मी नवा अर्ज लिहिला. एक पान, एक मागणी, फक्त पाटीच्या डब्याची. तो पिशवीत घालून गेल्या आठवड्यात मी स्टेशनजवळच्या बाजारात गेले. ती निघायच्या तयारीत होती, पाटी अजून निम्मी भरलेली.

"मावशी, चुकलं माझं. हे बघ, दुसरा लिहिलाय. यात पाटीशिवाय काही नाही."

तिने कागदाकडे बघितलंही नाही. चुंबळीला पीळ देत म्हणाली, "मला वाचता येत नाय. मला कशाला दाखवतेस?"

"वाचून दाखवते ना."

"तसंच मागं पन दाखवलंस."

मागे वाचूनही दाखवला नव्हता, पण ते सांगायला माझं तोंड नव्हतं. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पाटीला वाकली. सवयीने मी पिशवी खाली टाकली, पुढे झाले, दुसरी बाजू धरायला दोन्ही हात केले.

ती तशीच वाकलेली थांबली. पाटीवरचे हात काढले. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत, पाळी संपवून निघालेल्या एका कामगाराला तिने हाक मारली.

"ए भाय, जरा हात लगाव."

त्याने हातातला जेवणाचा डबा खाली ठेवला. दोघांनी पाटी उचलली. तिने मान ताठ केली, जागच्या जागी दोन पावलं टाकली आणि मागे न वळता चालू लागली. त्या परमुलखातल्या माणसाने आपला हात हुंगला, विजारीला पुसला आणि माझ्याकडे पाहून ओशाळं हसला. माझे हात अजून पुढेच होते, कोरडे.