जाळीतली फाक

संत्र्याच्या सालीचा वास आला का मले वर्ध्याचं जेल आठवते. एका पोरीसंग माहं लग्न ठरलं होतं अन् वावराच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणात मी आत गेलतो. तिचा बाप तिले घेऊन मुलाखतीले आला. "सांग त्याले, सोयरीक मोडली म्हून." मी मान ताठ ठेवून उभा, विनवणी करणं माह्या रक्तात नाई. तिनं पदरातलं संत्रं सोललं. फाक जाळीतून जाईना, तवा अर्धी दातानं तोडून खाल्ली अन् उरलेली आत सरकवली. मी ती तोंडात टाकली. आमच्यात असं उष्टं लग्नाच्या पंगतीत नवरानवरीच खातात. बाप खाली पाहून म्हणाला, "चाल पोरी, आता काय मोडू?" मी अजूनई मागत नाई, बायको झालेली तीच संत्र्याची फाक अर्धी तोडून माह्या हातावर ठेवते.