तळघरातली मोजणी

तिला ऑफिसात सगळे मोजणीबाई म्हणत. मोठमोठ्या इमारती कुठे किती वीज खातात ते मोजायचं आणि काय बदलायचं ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. तोंडानं फटकळ, पण आकडा म्हणजे आकडा. त्यात ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. आणि नशीब बघा, या खेपेला वाट्याला आली ती नेमकी दादाची इमारत.

दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. तळघरातली एसीची दोन अवाढव्य, जुनी मशीनं त्याच्या हाती. एक थोरली, एक धाकटी. नावंही त्यानंच ठेवलेली. ती ठेवायची की मोडीत काढून आपोआप चालणारी नवी आणायची, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं. नवी आली की दादा घरी. तिनं साहेबांना नातं सांगून पाहिलं. "दुसरं कोण मोकळं आहे?" एवढंच ते म्हणाले.

आठवडाभराचे आकडे बघून ती चपापली. इतक्या जुन्या मशीनांना इतकी कमी वीज? मीटर तर चोख होतं, तिनं दोनदा तपासलं. मग ती वरच्या मजल्यांवर गेली. बायका फायलीनं वारा घेत होत्या, पुरुषांचे शर्ट पाठीला चिकटलेले. कुणी विचारलं तर दादा "दुरुस्ती चालू आहे" सांगतो म्हणे. ती तडक तळघरात उतरली.

"दादा, थोरली बंद का?"

"विश्रांती देतोय तिला."

"मला बनवू नकोस."

दादा खाली बघत म्हणाला, "कमी खाताना दिसल्या तर ठेवतील, म्हटलं."

"अरे शहाण्या, एकट्या धाकटीवर भागतं असं मी लिहिलं तर थोरली उद्याच भंगारात जाईल. आणि वरची माणसं कायमची उकडत बसतील."

"आणि खरं मोजलंस तर?"

"तर दोन्ही जातील." याच तळघरात डबल पाळ्या करून त्यानं तिच्या शिक्षणाचे पैसे भरले होते. तिला स्वतःच्या कामाचा मनापासून राग आला.

दादा उठला आणि त्यानं थोरली चालू केली. घरघर वाढत गेली, हळूहळू एका सुरात आली.

"मोज," तो म्हणाला.

तिनं वायरीला मीटरचा चिमटा लावला. आकडा चढतच गेला. मीटर हलू नये म्हणून दादानं तिचा हात आपल्या हातात धरून ठेवला.