राखाडी चेंडूंचं तत्त्वज्ञान

तुम्ही हसणार आहात, हे मला ठाऊक आहे. फक्त आधी कप खाली ठेवा, मागच्या वेळी एकानं चहा माझ्या सतरंजीवर उडवला होता. तर, होऊ घातलेल्या व्याह्यांसमोर माणूस स्वतःची किती शोभा करून घेऊ शकतो, ते ऐका.

आमच्या सईचं निखिलशी ठरत आलं होतं. दोघं हिंजवडीत एकाच ऑफिसात. निखिलचे वडील डोळ्यांचे डॉक्टर, आई अगदी अगत्यशील. साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची होती. अशा वेळी मुलीच्या बापानं काय करावं? गप्प बसावं. मला नेमकं तेच जमत नाही.

निखिल कंपनीच्या कामासाठी जपानला राहून आला होता. मला जुन्या व्हिडिओ गेमचा नाद आहे, हे सईनं त्याला सांगितलेलं. त्यानं तिथल्या जुन्या बाजारातून माझ्यासाठी गेमचं एक यंत्र आणलं आणि एक कॅसेट. कॅसेटला खोका नाही, वरचं लेबलही निघालेलं. जपानी यंत्र आपल्या प्लगात थेट खुपसलं की धूर निघतो, एवढं मला माहीत होतं. म्हणून विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. यंत्र सुरू झालं, धूर निघाला नाही, आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

"सईच्या खोलीतल्या नव्या टीव्हीला लावा ना," बायको म्हणाली.

"जुना खेळ जुन्याच टीव्हीवर खेळायचा असतो. अस्सलपणा म्हणून काही आहे की नाही?"

"तो डबा मी भंगारात देणार होते."

खेळ साधा. वरून चेंडू पडतात, ते रचायचे. काही जुळून फुटतात, बरेचसे फुटत नाहीत. आणि सगळे चेंडू राखाडी. आता टीव्ही रंगीत आहे, त्यावर बातम्या झकास रंगीत दिसतात, हे मी पुन्हा लावून बघितलं. म्हणजे टीव्हीत खोट नाही. म्हणजे खेळच राखाडी. खरं तर कुणाला तरी विचारायला हवं होतं. पण शनिवार पेठेत माणूस विचारत नाही, सांगतो.

महिनाभर मी डोळे फोडून बसलो. हळूहळू मला छटा कळायला लागल्या. फिकट राखाडी, मळका राखाडी, राखेचा राखाडी. चार-पाच चेंडू फुटले की मला मोक्ष मिळाल्यासारखं व्हायचं. मग त्यावर तत्त्वज्ञान सुचलं, आणि सुचलं ते मी निखिलला फोनवर ऐकवलं.

"काय संयम आहे या जपान्यांचा! सगळं राखाडी ठेवलंय, बघ. रंगाचा मोहच नाही."

तो हळूच म्हणाला, "काका, चेंडू तुम्हाला राखाडी दिसतात?"

"दिसतात काय, आहेतच."

"लाल, हिरवे, निळे नाही दिसत?"

"अरे, कुठले लाल आणि कुठले हिरवे? तू नीट बघितलेलं दिसत नाही. तुम्हा मुलांना घाई फार."

"हो काका," म्हणाला बिचारा. सासऱ्याशी वाद कोण घालणार?

पुढच्याच आठवड्यात आम्ही सगळे लक्ष्मी रोडला साड्या बघायला गेलो. विहीणबाई माझ्या शेजारी बसल्या आणि प्रत्येक साडीला कानाशी सांगायला लागल्या, "हा मोरपंखी आहे बरं का. हा डाळिंबी." मला वाटलं, पद्धत असेल त्यांच्याकडे. नंतर डॉक्टरांना म्हटलं, बसा स्कूटरवर, घरी सोडतो.

"वाटेत स्वारगेटचा सिग्नल लागेल ना?"

"लागेल की."

"मी रिक्षानं जातो."

इतकी वर्षं स्कूटर चालवतोय, असा अपमान कुणी केला नव्हता. जाता जाता त्यांनी विचारलं, "माझ्या शर्टाचा रंग कसा वाटतो?" शर्ट भडक केशरी. होणाऱ्या व्याह्यांना खरं कसं सांगणार? म्हटलं, "रंगाचं काय घेऊन बसलात डॉक्टर? रंग गौण असतो." त्यांनी माझा हात हातात घेतला आणि थोपटला.

दोन दिवसांनी सई रडवेली होऊन आली. "बाबा, तुम्ही निखिलच्या घरच्यांना काय सांगितलंय? तारखेचं काढलं की सगळे गप्प होतात. तुमच्या आईच्या वडिलांनाही असंच होतं का, म्हणून विचारतायत."

आजोबांना काय होतं? तापटपणा होता, पण तो तर अख्ख्या पेठेला होता. माझ्या बडबडीनं पोरीचं लग्न मोडतंय, या विचारानं मला जेवण जाईना.

रविवारी डॉक्टर आणि निखिल घरी आले. डॉक्टरांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं, पानापानावर रंगीत ठिपके. "यात आकडे दिसतात का, बघा."

मला वाटलं, आणखी एक जपानी खेळ. भराभर सगळे आकडे वाचले आणि विचारलं, "पुढची लेव्हल?"

डॉक्टर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हाला रंग दिसतात?"

"म्हणजे काय? तुमचा परवाचा शर्ट तर अजून डोळ्यांसमोरून जात नाही."

मग उलगडा झाला. मला रंगच दिसत नाहीत, अशी त्यांची खात्री झाली होती. "हा दोष मुलीकडून नातवाकडे येऊ शकतो," डॉक्टर म्हणाले. "आमचा नकार नव्हताच. पण आधी तुमच्याशी बोलावं म्हटलं, आणि हा विषय काढायचा कसा, ते कळेना."

"मग चेंडू राखाडी कसे?" निखिलनं विचारलं. मी जुन्या टीव्हीवर खेळ लावून दाखवला. त्यानं यंत्र उचललं आणि सईच्या नव्या टीव्हीला जोडलं. पडद्यावर लाल, हिरवे, निळे, पिवळे चेंडू टपाटप पडायला लागले. जपानी यंत्राचे रंग आमच्या जुन्या टीव्हीला समजतच नव्हते, तो नुसतं चित्र दाखवून मोकळा होत होता. एका रंगाचे चेंडू जुळवायचे, एवढाच तो खेळ. माझी महिन्याभराची तपश्चर्या डॉक्टरांनी पहिल्याच डावात मागे टाकली, तीही एका हातात पोह्यांची बशी धरून.

जाताना तारीख ठरली. सई हसली, माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर चपला घालता घालता बायकोला म्हणाले, "वहिनी, निश्चिंत राहा. यांच्या डोळ्यांत काहीही दोष नाही."

बायको म्हणाली, "तीच तर काळजी आहे, डॉक्टर. डोळ्यांचं असतं तर तुम्ही निदान औषध तरी दिलं असतंत."