पडलेल्या राजाचं पुढं काय होतं

राज्यकारभार खऱ्या अर्थानं कळलेलं अख्ख्या जुन्नर तालुक्यात एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे माझ्या सासूबाई. हे मी जावई म्हणून म्हणत नाही. सासूचं कौतुक करत फिरण्याची जावयांना फारशी सवय नसते. राजुरीच्या पलीकडं त्यांचं लहानसं गाव. नव्वदच्या दशकात तिथलं सरपंचपद आमच्या समाजातल्या बाईसाठी राखीव निघालं आणि चौथी शिकलेल्या सासूबाई सरपंच झाल्या. चौदा महिन्यांनी त्यांच्यावर अविश्वास ठराव आला, सात जणांच्या पंचायतीत सहा हात वर झाले आणि त्या घरी आल्या. पद गेलं, पण पंचायत काही त्यांच्या अंगातून गेली नाही.

घरात जेवणारी चार माणसं असली तर निदान तिघं पाटावर बसल्याशिवाय त्या ताटं वाढत नसत. "कोरम न्हाई," म्हणायच्या आणि सभा अर्धा तास तहकूब करायच्या. अर्ध्या तासानं मात्र कुणी येवो न येवो, एकट्या जेवायला बसत; तहकूब सभेला कोरम लागत नाही, हा नियम त्यांना पाठ होता. आमच्या लग्नाची बोलणी झाली, सगळ्यांच्या तोंडात साखर पडली, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "सूचक कोन? अनुमोदक कोन?" ही त्यांच्याकडची काहीतरी रीत असावी असं वाटून माझे चुलते उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. आजही भांडण झालं की बायको मला म्हणते, "मला काय बोलता? तुमच्या काकांनी अनुमोदन दिलंय."

वाचल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा दुसरा नेम. सरपंच झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांच्यापुढं सहीला कोरे कागद आले होते. त्यांनी ते घरी नेले, आठ दिवस फडताळात ठेवले आणि तसेच कोरे परत केले. तेव्हापासून समोर येईल ते त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, एसटीच्या तिकिटाची मागची बाजूसुद्धा. एकदा पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. सासूबाईंनी पाकीट वाचलं, पोचपावती वाचली, पावतीच्या कडेची बारीक अक्षरं वाचली. तोवर पोस्टमनचा दोनदा चहा झाला होता.

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका बोळात तेव्हा माझा कॉम्प्युटर क्लास होता. पुण्याचा एक मित्र चित्रं काढायचा आणि मी प्रोग्रॅम लिहायचो, असा आमचा दोघांचा एक गेम चालला होता. तीन-चारशे वर्षांपूर्वीचा सह्याद्री; खेळणाऱ्यानं राजा व्हायचं, घाट धरायचे, किल्ले बांधायचे, फौज ठेवायची. घोडे झाले होते, तलवारी झाल्या होत्या, तोफा धूर सोडत होत्या. फक्त राज्यव्यवस्था राहिली होती आणि ती आठवड्याभरात उरकू, असं आम्हाला वाटत होतं. तेवढ्यात सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आल्या. वाचायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, म्हणून कंटाळून काळा चष्मा लावून त्या क्लासवर येऊन माझ्यामागं बसू लागल्या.

"पावणं, ह्यो राजा काय करतूय?"

"हुकूम देतोय, मामी. किल्ला बांधा म्हणून."

"मंग?"

"मग किल्ला बांधला जातो."

"लगीच?"

"दहा सेकंदांत."

सासूबाई म्हणाल्या, "मला शाळंवरचा येक पत्रा बदलाया सात म्हैने लागलं."

तिथून राज्यव्यवस्था त्यांनी हाती घेतली. माझे पाच प्रधान म्हणजे नुसती पागोटी घातलेली चित्रं होती. सासूबाईंनी प्रत्येकाला स्वतःचं मन दिलं. एकाला रस्ता आपल्या शेताकडूनच न्यायचा असे. दुसरा शेजारच्या राजाच्या सरदाराचा साडू. तिसरा प्रत्येक गोष्टीला हो म्हणणार आणि नेमका निर्णयाच्या दिवशी आजारी पडणार. राजाला ठेवायचं की काढायचं, यावर आता प्रधान हात वर करून मत देत; त्या मतदानाच्या आधी दोन दिवस सगळे पडद्यावरून नाहीसे व्हायचे आणि थेट दरबाराच्या दिवशी, एकत्र, ताजेतवाने होऊन उगवायचे.

"कुठं जातात हे?" मी विचारलं.

"सहलीला. गादीवर डोळा आसनाऱ्यानं नेल्यालं आस्त्यात."

"अहो, त्या काळात कुठली सहल?"

"गाडी नसंल. बैल व्हतंच की."

पुण्याच्या मित्राला मी हे सगळं बसवून पाठवलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. त्याचा राजा तीनदा पडला होता आणि एकही लढाई झाली नव्हती. मी सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "किती टिकला?" मी म्हटलं, "आठ महिने." त्या म्हणाल्या, "बरा हाय की. मिळूनमिसळून वागत आसंल."

मग एक दिवस माझाही राजा पडला. पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं आली: खेळ संपला.

"आता?" सासूबाईंनी विचारलं.

"आता काही नाही. संपलं."

"त्यो मेला का?"

"नाही. गादीवरून गेला."

"मंग संपलं कसं? घरी गेला आसंल. सकाळी उठंल. पानी भराया जाईल."

मी हसलो, पण त्या हसल्या नाहीत. काळ्या चष्म्यामुळं डोळे दिसत नव्हते. त्या बोलू लागल्या, आणि ते त्यांनी आपल्या मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

"ठराव झाला त्या दिवशी मी घरी येऊन भाकरी थापल्या. रडलेबिडले न्हाई. दुसऱ्या दिवशी मातूर हंडा घिऊन भाईर पडाया पाय उचलंना. हापशावर कोन कोन आसंल, मला ठाव व्हतं. पंचायतीत माझ्याबिगर येकच बाई व्हती, तिच्यावर माझी भिस्त व्हती. सहावा हात तिचाच. तीच हापसत व्हती. मला बघून समद्या गप झाल्या. ती वर बघंना. तिचा हंडा भरत आला व्हता. त्यो तिनं बाजूला केला, माझा घेतला आन् हापसत ऱ्हायली. भरला तसा कडंला ठिवला. बोलली काय न्हाई."

"पण तिनं हात का वर केला होता?"

"तिचा नवरा खिडकीत हुबा व्हता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? हंडा उचलला, घरी आले. त्येच्या दुसऱ्या दिवशी जायाला सोपं गेलं."

पुढचे तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. काळा पडदा काढून टाकला. आता राजा पडला की तो साधा माणूस होऊन गावात राहायचा. सकाळी घागर घेऊन बारवेवर जायचा, आणि तिथं एक बाई न बोलता त्याची घागर भरून द्यायची. मित्रानं फोनवर विचारलं, "यातून खेळणाऱ्याला मिळतं काय? गुण? घोडे?" मी म्हटलं, "पाणी." आठवड्यानं त्यानं त्या बाईचं चित्र नव्यानं काढून पाठवलं, हिरव्या लुगड्यातलं. ते त्यानं काढलेलं सर्वांत चांगलं चित्र.

पुण्यातल्या एका कंपनीनं गेम बघितला. त्यांना घोडे आवडले. दरबार कमी करा आणि ते बारवेचं काढून टाका, म्हणाले. आम्ही काढलं नाही आणि गेम विकला गेला नाही. माझ्या क्लासच्या सहा कॉम्प्युटरांवर तेवढा तो राहिला. टायपिंगच्या परीक्षेला येणारी मंडळी परीक्षा झाली की आपापला राजा पाडून जायची.

पुढं एका रविवारी, बाजारच्या दिवशी, सासूबाई क्लासवर आल्या. डोळे आता चांगले झाले होते. बरोबर त्यांच्याच वयाची एक किडकिडीत बाई होती. "ही आमच्या गावची," एवढंच त्यांनी सांगितलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाल्या, "लावा."

त्यांनी स्वतः राज्य केलं. सहाव्या महिन्यात पडल्या. राजा घागर घेऊन बारवेवर गेला, तशी ती बाई पुढं वाकली.

"ही कोन गं?"

"हाय येक."

"त्याला पानी का काढून देती?"

"ते मला कदी कळलंच न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "तुला काय वाटतं?"

मी चहा सांगायला जाणार होतो, तो दारातच थांबलो.

"तोंडानं कसं बोलावं, ते सुचलं नसंल तिला," ती म्हणाली.

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "तसंच आसंल."

दोघी दुपारच्या एसटीनं परत गेल्या. त्यानंतरही सासूबाई आमच्याकडं येत राहिल्या, क्लासवर बसत राहिल्या, माझ्या लाइट बिलाची मागची बाजू वाचत राहिल्या. पण तो खेळ लावा, असं शेवटपर्यंत त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही.